दिवे विझले का गं?

आमच्या घरात मोटार यायची ठरली ती हौसेनं नव्हे. आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, मूत्रपिंडं निकामी झाली आणि डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा ठरली. मोहोळ तालुक्यातलं आमचं गाव मोठ्या रस्त्यापासून नऊ किलोमीटर आत. रस्त्याला लागल्यावर सोलापूर आणखी पस्तीसेक किलोमीटर. डायलिसिसचे पैसे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागत होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण योजना दवाखान्याच्या दारात सुरू होते. दारापर्यंत आपलं आपण पोचायचं असतं.

पहिले दोन महिने आम्ही एस.टी.नं गेलो. जाताना आत्या बऱ्या असायच्या, येताना नसायच्या. चार तास यंत्रावर पडून उठलं की माणूस पिळून काढलेल्या लुगड्यासारखं होतं. एकदा तर सोलापूरच्या स्टँडवर त्यांना भोवळ आली आणि त्या फलाटावरच बसल्या. कुणी भल्या माणसानं पाण्याची बाटली दिली, पण त्यांना पाणीही मोजून प्यायचं. घोटभर पाजलं आणि बाकीचं टाळूवर थापलं. त्यानंतर गावातली जीप सांगायला लागलो. खेपेला बाराशे रुपये. महिन्याच्या नऊ खेपा धरल्या तर दहा हजार आठशे. जीपवाला तरी काय करील, त्याचाही दिवस मोडत होता.

एका रात्री जेवताना हे म्हणाले, "जुनी का होईना, गाडी घेऊ. पाच-सहाशेच्या पेट्रोलात खेप होईल. तू शीक चालवायला."

मी घास तसाच धरून बसले. यांच्या डाव्या डोळ्याला लहानपणी ज्वारीचं धाट लागलेलं, त्या डोळ्यानं अंधुकच दिसतं. मुलगा पुण्याला शिकायला. म्हणजे चालवायची तर मीच. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी मोहोळला मोटार शिकायला जाऊ लागले. शिकवणारे मास्तर कडक होते. पहिले चार दिवस त्यांनी गाडी हलवूच दिली नाही. किल्ली अर्धी फिरवायची आणि समोरच्या मीटरमध्ये बघत बसायचं. लाल, पिवळे, हिरवे असे कितीतरी दिवे एकदम लागायचे. मग पूर्ण किल्ली फिरवून इंजिन सुरू केलं की एकेक विझायचे.

"ही हजेरी आहे, ताई," मास्तर म्हणायचे. "सगळ्यांनी हजर म्हणायचं आणि गप बसायचं. जो गप बसत नाही त्याच्याकडं बघायचं."

लाल दिवा दिसला तर थांबायचं, पिवळा दिसला तर लवकर दाखवून घ्यायचं, हिरवा-निळा नुसता माहितीचा. एवढं मला पाठ झालं. लालमध्ये तेलाच्या बुधल्याचं चित्र असतं, तो सगळ्यांत वाईट. तेलाचा दाब गेला की इंजिन कोरडं घासतं आणि दोन-चार मिनिटांत सगळं जाम होऊ शकतं. दुसरा पाणी तापल्याचा. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना, तो दिसल्यावरही 'जाऊ की गावापर्यंत' म्हणणारा माणूस इंजिनाचं हेड वाकवून बसतो. तिसरा बॅटरीचा, म्हणजे बॅटरी भरेनाशी झाली. चौथा ब्रेकचा. हँडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो, पण हँडब्रेक सोडूनही राहिला तर ब्रेकचं तेल कमी झालंय असं समजायचं. पिवळ्यात मुख्य म्हणजे इंजिनाचं चित्र असलेला. त्याच्याबद्दल मास्तर एवढंच म्हणाले, "तो पोटदुखीसारखा. गॅसनं दुखतंय का आतडं अडकलंय, हे वरून कळत नाही."

शिकणं चाललं होतं तोवर पैशाचं बघू लागलो. हिशेब दोन लाखांचा होता. निम्मे उसाच्या बिलातून आणि निम्मे कांद्यातून. पण हे सगळं २०२३ च्या फेब्रुवारीतलं. त्या महिन्यात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याचा, सगळा खर्च वजा जाता, दोन रुपयांचा चेक हातात पडला, ही बातमी देशभर गाजली. आमच्या कांद्याचंही भाडं निघालं, एवढंच. दोन लाखांचे एक लाख साठ हजार झाले. मी पाटल्या काढून ठेवल्या तर आत्या कडाडल्या, "माझ्यापायी सोनं मोडलंस तर मी त्या यंत्रावर पाय ठेवणार न्हाई." त्या ठेवतील असं वाटलं नाही, म्हणून पाटल्या पुन्हा हातात घातल्या.

एक लाख साठ हजारांत चांगली गाडी येत नाही असं नाही, पण तिला शोधावं लागतं. यांना ती एका व्यापाऱ्याकडं पहिल्याच दिवशी सापडली. २०१४ ची, पांढरी, पेट्रोलवर चालणारी, नवी सीट कव्हरं घातलेली, आत अत्तराचा वास. मागणी एक लाख पंच्याऐंशीची आणि शेवट एक लाख पासष्टवर. मी नव्हतेच. हे घरी आले ते पाच हजार विसार देऊन. चेहऱ्यावर इतका आनंद की मला काही बोलवेना.

माझे वडील खिलार बैल घ्यायला दर दोन-तीन वर्षांनी सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात जायचे. मी लहान असताना एक-दोनदा मला नेलं होतं. बाजारात बैल कसे नटवलेले असायचे! शिंगं साळलेली, त्यांना हिंगूळ लावलेला, अंगाला तेलाचा हात फिरवलेला. वडील त्याच्याकडं बघायचेच नाहीत. ते आधी जबडा उघडून दात बघायचे, आदत आहे, चौसा आहे की जुळलेला. मग बैलाला बसवायचे आणि उठताना तो कुठला पाय आधी टाकतो ते बघायचे. दगडांवरून चालवायचे. शेवटी सगळ्या अंगावरून हात फिरवायचे, आणि तो हात फिरत असताना त्यांचं लक्ष बैलाकडं नसायचंच, मालकाच्या तोंडाकडं असायचं. "मालक जिथं हात लावू देत न्हाई," ते म्हणायचे, "तिथंच गोम." मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, आणि तो काय ठरला हे माझ्या आईलासुद्धा घरी आल्यावरच कळायचं.

गाडी आणायला आम्ही दोघं गेलो तो दिवस शनिवारचा. व्यापारी गोड माणूस. "या वहिनी, बसा, चालवून बघा." मी बसले आणि मास्तरांनी लावलेल्या सवयीनं किल्ली अर्धी फिरवून थांबले. बॅटरीचा दिवा हजर, ब्रेकचा हजर, इंजिनाचा हजर. तेलाचा बुधला नाही. मला वाटलं, मलाच दिसत नसेल, ऊन आहे. हातानं सावली करून पाहिलं. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. नाही. ज्या गाडीवर मी शिकत होते ती याच कंपनीची, याच नमुन्याची, त्यामुळं तो कुठल्या कोपऱ्यात लागतो ते मला झोपेतही सांगता आलं असतं.

मी विचारलं, "तेलाचा दिवा लागत नाही हो."

तो हसला. "वहिनी, दिवा लागत नाही म्हणजे चांगलंच की! तेल भरलेलं आहे." हेही हसले. शेजारी उभा असलेला पोरगाही हसला. आता सांगताना सोपं वाटतं, पण त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. सहा महिन्यांपूर्वी जिला क्लच म्हणजे काय हे माहीत नव्हतं, ती बाई व्यापाऱ्याला शहाणपण शिकवत होती.

इंजिन सुरू केलं. आवाज बरा होता, एकही दिवा राहिला नाही, मीटर स्वच्छ. मी खाली उतरले आणि म्हटलं, "गाडी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना दाखवून आणतो. तासाभरात परत."

तो म्हणाला, "कशाला? आमचा मिस्त्री इथंच आहे."

"मग आमचे इथं येतील."

"तुमचा विश्वास नाही का आमच्यावर, साहेब?" हा प्रश्न त्यानं मला नाही, यांना केला. आणि मला सांगोल्याचा बाजार आठवला.

यांच्याशी माझं त्या दिवशी रस्त्यात वाजलं. विसार गेला तर गेला म्हणायला माझं काय जातं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "रात्री साडेसातला, अंधारात, मोठ्या रस्त्यावर ट्रकांच्या मधोमध, मागं आत्या झोपलेल्या असताना ती बंद पडली तर तिथं तुम्ही नसणार, मी असणार." मग ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "चाचांना विचारू."

चाचा म्हणजे सोलापुरातले एक म्हातारे फिटर. माझ्या दिरांच्या टेंपोचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडं. ते दुसऱ्या दिवशी स्वतः आले, शर्टाच्या खिशात काडेपेटीएवढं एक यंत्र घालून. व्यापाऱ्याला नाही म्हणता येईना. चाचांनी स्टिअरिंगच्या खाली कुठंतरी हात घालून ते यंत्र एका खोबणीत बसवलं आणि मोबाइलमध्ये बघायला लागले.

हे काय असतं ते त्यांनी मला नंतर समजावलं, तेवढं सांगते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा गाडीत दिवे बोटावर मोजण्याएवढे होते, आणि बिघाड कानानं आणि नाकानं ओळखायचा असे. पुढं धुराचे नियम कडक झाले. १ एप्रिल २०१० पासून देशात पहिल्यांदा ज्या तेरा शहरांत बीएस-४ हा नियम लागू झाला त्यांत मुंबई-पुण्याच्या जोडीला आपलं सोलापूरही होतं, हे मला चाचांकडूनच कळलं. या नियमाच्या गाड्यांत एक छोटा संगणक असतो. तो इंजिनावर आणि धुरावर नजर ठेवतो. काही बिनसलं की दिवा लावतो आणि कशामुळं लावला त्याचा आकडा लिहून ठेवतो. २०१३ पासून ही सोय जास्त बारकाईची झाली. तो आकडा यंत्रानं वाचता येतो. आणि पुसताही येतो. पुसला की दिवा विझतो. बिघाड तिथंच राहतो. थोडे दिवस गाडी फिरली की संगणक पुन्हा तपासतो आणि पुन्हा दिवा लावतो. तोवर गाडी विकली गेलेली असते.

पण पुसणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट येत नाही. आकडे पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही संगणक लिहून ठेवतो. चाचांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. सहा किलोमीटर.

"तेलाचा दिवा वेगळा," चाचा म्हणाले. "तो दाबाच्या बटणावर चालतो. किल्ली फिरवल्यावर लागत नाही म्हणजे एक तर बल्ब गेला, नाही तर वायर तुटली, नाही तर कुणी काढला. बटण काढून तिथं दाबाचं मीटर लावतो, दहा मिनिटांत समजेल."

व्यापाऱ्यानं हात लावू दिला नाही.

त्या गाडीत नेमकं काय होतं ते आम्हाला आजही माहीत नाही. कदाचित नुसता बल्ब गेलेला असेल. पाच हजारांतले दोन हजार त्यानं परत दिले, तेही यांनी तीन हेलपाटे घातल्यावर. येताना चाचा म्हणाले, यापेक्षा हुशार लोक असतात, ते बंद दिव्याची वायर बॅटरीच्या दिव्याला जोडतात. मग तो बरोबर लागतो आणि बरोबर विझतो, हजेरी पुरी. तेव्हा हजेरी हा पहिला दरवाजा, शेवटचा नव्हे.

मग महिनाभर गाड्या बघितल्या. सगळ्या सांगत बसत नाही. एक मात्र सांगायला हवी. एक गाडी फारच स्वस्त होती, सांगलीकडून आलेली. चाचांनी इंजिनाला हातच लावला नाही. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ. पायाखालचा गालिचा उचलला, तर सीटच्या रुळांना गंज. २०१९ च्या महापुरातली किंवा २०२१ च्या, एवढंच काय ते कळायचं बाकी. पुराचं पाणी आत शिरलेल्या गाडीच्या वायरी आतून हळूहळू सडतात, आणि मग कधी हा दिवा, कधी तो दिवा, वर्षानुवर्षं. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात सीनेनं माढा-मोहोळकडं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या पाण्यात गाड्याही उभ्या होत्या. कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं असेल तर सीटचा पट्टा ओढून बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

शेवटी जी घेतली ती बार्शीच्या एका निवृत्त गुरुजींची. तीही २०१४ ची. चाचांनी सांगितलं होतं, सकाळी लवकर जा, न कळवता जा, आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर समजायचं, तुमच्या आधी कुणीतरी इंजिन चालवून तयार केलंय. थंड इंजिनच खरं बोलतं. आम्ही सहाला पोचलो. गुरुजी तुळशीला पाणी घालत होते. बॉनेट थंड. मी किल्ली अर्धी फिरवली, सगळे हजर. सुरू केली, सगळे विझले, आणि पिवळा इंजिनाचा दिवा तसाच राहिला.

गुरुजी खिडकीशी येऊन म्हणाले, "तो तीन महिने झाले लागतोय. गाडी चालते. मला डोळ्यांमुळं चालवायला बंदी झाली, म्हणून काढतोय. दिव्याचं काय आहे ते मी बघितलेलं नाही, आणि बघणारही नाही. किंमत एक पंचाहत्तर होती, दिव्यासाठी दहा कमी धरा."

आता गंमत बघा. स्वच्छ मीटरची गाडी आम्ही सोडली होती आणि दिवा लागलेल्या गाडीपाशी उभे होतो. हे म्हणाले, "तिला दिवा नव्हता म्हणून नको, हिला आहे म्हणून घ्यायची? तुझं काय कळत नाही." खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. माणूस सरळ आहे म्हणून गाडी सरळ असते असं थोडंच आहे? गुरुजी खोटं बोलत नव्हते, एवढ्यावर एक लाख पासष्ट हजार कसे मोजायचे?

गुरुजींनी किल्ली दिली आणि म्हणाले, "न्या कुठं न्यायची तिथं." आम्ही ती सोलापूरला चाचांकडं आणली. यंत्रानं सांगितलं, सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर. धुरात किती हवा उरली आहे हे तो हुंगतो, आणि त्यावरून संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. माझा जीव भांड्यात पडला. कळलं ना काय बिघडलंय ते! पण चाचांनी मान हलवली.

"हा आकडा म्हणजे तक्रार अर्ज आहे, बेटी. पंचनामा व्हायचाय."

सेन्सर बिघडला असेल तर साडेतीन-चार हजारांत भागेल. त्याची वायर तुटली असेल तर शंभरात. पण सेन्सर खरंच बोलत असेल आणि इंजिनच तेल जाळत असेल किंवा प्लग नीट पेटत नसतील, तर नवा सेन्सर घालून दिवा पुन्हा लागणार. आणि असं बरेच दिवस चाललं असेल तर पुढं धूर साफ करणारा जो डबा असतो तो जळलेला असू शकतो, त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट. त्यांनी प्लग काढून रंग बघितला. चारी बाजूंनी वाकून नळी बघितली. मग गाडी वर उचलली आणि हसत सुटले. वायर उंदरानं कुरतडली होती. गुरुजींच्या पत्र्याच्या शेडमध्ये धान्याची पोती होती, ते आठवलं.

वायर जोडली, आकडा पुसला, आणि दिवा विझला. मला वाटलं संपलं. चाचा म्हणाले, "आता चालवा." मोहोळपर्यंत गेलो आणि परत आलो. दिवा नाही. दुपारी भर उन्हात गाडी नुसती सुरू ठेवून अर्धा तास उभी केली. तापमानाचा काटा मधेच राहिला, पंखा वेळेवर फिरला. निळा धूर नाही. मग पुन्हा फिरायला निघालो तर पुलावर चढताना पिवळा दिवा पुन्हा हजर. उघड्या वायरीपायी सेन्सरही गेलेला होता. चाचांनी सगळा हिशेब कागदावर मांडला: सेन्सर, पट्टे, ब्रेकचं तेल, पुढची दोन टायरं. एकूण सोळा हजार.

तो कागद घेऊन गुरुजींकडं गेलो. यांना वाटत होतं, सोळाच्या सोळा कमी करून घेऊ. गुरुजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "दिव्याचे दहा मी आधीच सोडलेत. टायरं झिजली ती तुम्हाला पहिल्या दिवशी दिसत होती." त्यांचंही खरं होतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांच्या पत्नीनं आतून विचारलं, "गाडी कशासाठी घेताय हो?" मी सांगितलं. सांगायचं नव्हतं, सौदा करताना असलं सांगू नये असं वडील म्हणायचे, कारण गरज कळली की भाव चढतो. पण सांगून गेले. एक लाख छप्पन्न हजाराला गाडी मिळाली. दुरुस्ती धरली तर आमचा आकडा बारा हजारांनी ओलांडला, ते दिरांनी दिले.

कागदांचं यांनी बघितलं. सातबाऱ्यावर जसा बोजा तसा गाडीच्या नोंदणीवर कर्ज देणाऱ्याचा शेरा असतो, तो उतरल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. गुरुजींच्या गाडीवर तो नव्हता. एकोणतीस आणि तीस नंबरचे अर्ज भरून गाडी नावावर केली, चौदा दिवसांच्या आत विमाही करून घेतला. गाडी विकली पण नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर भरपाई नोंदीत ज्याचं नाव त्याच्यावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिलेला आहे. गुरुजी याच कारणानं आमच्याही आधी कचेरीत हजर होते.

आत्यांना गाडीत बसवायचं म्हणजे पुढची सीट मागं सरकवून, उशी टाकून. पहिल्या दिवशी मी किल्ली अर्धी फिरवून थांबले तर त्यांनी विचारलं, "का गं, काय झालं?" मी त्यांना हजेरीचं सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. पुढं दर मंगळवारी आणि शुक्रवारी, मी गाडी सुरू केली की त्या विचारायच्या, "दिवे विझले का गं?" मी विझले म्हटल्याशिवाय विठ्ठलाचं नाव घ्यायच्या नाहीत, आणि विठ्ठलाचं नाव घेतल्याशिवाय मला निघू द्यायच्या नाहीत. वीस महिने असं चाललं. नंतर त्या गेल्या. गाडी आहे.

दिवा एकदा मात्र वाटेतच लागला. श्रावणातली संध्याकाळ, सोलापूरहून परत येत होतो, लांबोटी जवळ आली होती आणि एकदम लाल बॅटरी. माझ्या हाताला घाम सुटला. पण मास्तरांनी सांगितलेलं आठवलं. बॅटरीच्या दिव्याला इंजिन लगेच बंद पडत नाही, साठलेल्यावर थोडं चालतं, तेवढ्यात पंखा, रेडिओ बंद करायचा आणि माणसांत पोचायचं. आणि काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, तेव्हा तापमानाचा काटा बघायचा, तो चढला तर मात्र तिथंच थांबायचं. काटा चढला नव्हता. हळूहळू चालवत लांबोटीला एका चिवड्याच्या दुकानापुढं दिव्यात गाडी उभी केली. दुकानदारानं फिटर बोलावला. पट्टा सैल होऊन घसरत होता. अर्ध्या तासाचं काम.

आत्या तेवढा वेळ दुकानाच्या बाकावर बसल्या होत्या. लांबोटीचा चिवडा कढईतून निघत होता आणि त्यांना मीठ, शेंगदाणे सगळं वर्ज्य. मी मुद्दाम दुसरीकडं बघत होते. फिटरनं हात पुसले. मी गाडीत बसून किल्ली फिरवली.

"विझले का गं?"

"विझले, आत्या."

"मग चल. आणि ते पुडकं पोरांसाठी घेतलंयस ना, ते माझ्याकडं दे, तुझ्या पायाशी सांडंल."

पुडकं त्यांनी मांडीवर घेतलं. गावात उतरताना मी ते हातात घेतलं तर बांधलेला दोरा सैल होता. मी काही विचारलं नाही.